पदराखालची बरगडी

माझा उजवा हात पहिल्यांदा पांढरा पडला तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते. पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं माहेरचं गाव. दिवाळीनंतर गवत कापून भारे डोक्यावरून खाली आणायचे, हे बायकांचं आणि मुलींचं काम. भारा डोक्यावर असला की एक हात वर करून तो धरावा लागतो. मी उजवा हात वर धरला होता. पहिलं वळण यायच्या आत हाताला मुंग्या आल्या आणि दुसऱ्या वळणावर हात आहे की नाही ते कळेना. खाली येऊन भारा टाकला आणि बघितलं तर बोटं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी. चोळल्यावर लाल झाली, मग ठणकायला लागली.

बरोबरच्या मुली हसल्या. "हिचा हात मेला गो," एक म्हणाली. "उद्यापासून डावरी हो." मी खरंच दुसऱ्या दिवसापासून डावा हात वर धरायला लागले. त्यावर भागलं. घरी सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी मला बघायला तुडीलचे लोक येणार होते. आदल्या दिवशी आई माझे केस धुवत होती. मानेवरून पाणी ओतताना तिचा हात उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, थांबला. तिनं दाबून बघितलं. सुपारीएवढं काहीतरी होतं तिथं. गाठ असती तर बोटाखाली हलली असती. हे हलत नव्हतं.

"दुखतं का?"

"नाय."

"कवापासून हाय?"

"माहीत नाय."

आई तांब्या भरत म्हणाली, "उद्या पदर दोन्ही खांद्यांवरून घे. मान झाकलेली असू दे. आणि हे कुणाला सांगायचं नाय, समजलं?"

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन खाली बघत बसले. तशीही मी कुणाशी फार बोलत नसे, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. लग्न ठरलं.

सासरी आल्यावरही मी पदर तसाच घेत राहिले. उन्हाळ्यात घाम येई, जात्यावर बसताना अडचण होई, तरी तसाच. शेजारच्या नव्या सुना ड्रेस घालायला लागल्या, तेव्हा सासूबाई ओटीवर बसून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आमची बघा. इतकी वर्षं झाली, खांदा उघडा दिसला का कुणाला? याला वळण म्हणतात." मी आत भांडी घासत असे. आपलं कौतुक चाललंय ते खोट्यावर चाललंय, हे मला माहीत होतं. पण त्यात काही बोलावं असं मला कधी सुचलं नाही. दोन बाळंतपणं झाली, तेव्हा नर्सबाईनं मान बघितली असेल, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

आमचे हे एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहेत, पाळीनं जातात. मुलं मोठी झाल्यावर मीही तिकडे एका खानावळीत भाकऱ्या करायला जाऊ लागले. ह्यांची पहिली पाळी असली की मोटरसायकलवर मागे बसून, नाहीतर एसटीनं महाड आणि पुढे रिक्षानं. खानावळीत येणारी सगळी माणसं पाळीची. जेवणाच्या सुट्टीत एकदम येतात आणि एकदम उठतात, म्हणून त्याआधी भाकऱ्यांची चवड तयार लागते. तांदळाची भाकरी. पीठ उकळत्या पाण्यात काढायचं, गरम असतानाच मळायचं, आणि परातीत पाण्याच्या हातानं थापायचं. भाकरी फिरवायचं काम उजव्या तळव्याचं, तिची कड सारखी करायचं काम अंगठ्याच्या खालच्या भागाचं. माझ्या भाकरीची कड फाटत नसे. मालकीणबाई कुणाचं चांगलं म्हणत नाहीत, पण नवीन बाई आली की तिला माझ्या शेजारी बसवत.

दोन-अडीच वर्षांपूर्वी कडा फाटायला लागल्या. आधी वाटलं पीठ जुनं आहे. मग करंगळी आणि शेजारचं बोट बधिर राहू लागलं. सकाळी वेणी घालताना हात वर केला की दोनदा खाली घ्यावा लागे. थंडीत उजवा हात डाव्यापेक्षा गार. झाकणं उघडेनात. मी झाकणं दाताखाली धरून उघडू लागले.

महाडला एका डॉक्टरना हात दाखवला. त्यांनी विचारलं, काम काय करता? भाकऱ्या, म्हटलं. रोज किती? सांगितलं. ते म्हणाले, मग मनगट दुखणारच. मनगटाला पट्टा दिला, ताकदीची इंजेक्शनं दिली. दुसऱ्यांनी मनगटाचा फोटो काढला, तो चांगला निघाला. कोणी मान बघितली नाही आणि मी दाखवली नाही. हात दुखतो म्हणून हात पुढे केला, बाकीची मी पदरात होते. यात डॉक्टरांना दोष देता येत नाही.

एका दिवशी भाकरी उलटताना हाताची कड तव्याला लागून राहिली. मला काही कळलं नाही. वास आला तेव्हा मी भाकरीकडेच बघत होते.

"अगो ए!" मालकीणबाई ओरडल्या. "भाकरी भाजतेस का हात भाजतेस?"

मी हात उचलला. करंगळीच्या खालची कातडी तव्याला चिकटून राहिली होती.

"दुखत नाय?"

"नाय."

"हे बरं नव्हं," त्या म्हणाल्या. नंतर दिवसभर त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. त्याचीच मला भीती वाटली.

तरीही मी आणखी तीन महिने तशीच गेले. मग पुतणीच्या लग्नात बांगड्या भरायला कासारीण आली. सगळ्या बायका ओळीनं बसल्या होत्या, सासूबाई माझ्या शेजारी. कासारणीनं माझ्या डाव्या हाताला नेहमीच्या मापाच्या बांगड्या चढवल्या. त्याच मापाची बांगडी उजव्या हातात दाबल्याशिवायच गेली आणि हात खाली केल्यावर परत गळून तिच्या मांडीवर पडली.

"उलटंच हाय तुमचं," ती म्हणाली. "कामाचा हात मोठा असतो, चढताना तो त्रास देतो." तिनं माझा तळवा उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी चिमटीत धरून बघितलं. "बाई, इथला मांसाचा लाडू कुठं गेला?"

सासूबाईंनी वाकून बघितलं. मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. डाव्या हाताला अंगठ्याखाली उंचवटा होता, उजव्याला तिथं खळगा होता. पाचवारी साडीतल्या बायका माझ्या हाताभोवती गोळा झाल्या. एकीनं लकवा म्हटलं, एकीनं कुणाची तरी नजर. सासूबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "झालं ना बघून? भरा आता बांगड्या." त्या रात्री त्यांनीच ह्यांना सांगितलं, हिला मोठ्या डॉक्टरकडे ने.

महाडला एक तरुण सर्जन नव्यानं आले होते. ह्यांनी दुसरी पाळी बदलून घेतली आणि आम्ही गेलो. त्यांनी मनगटाकडे बघितलंच नाही. दोन्ही हात वर करून मुठी उघड-मीट करायला सांगितलं. डावा हात चालत राहिला. उजवा मिनिटभरात जड झाला, बोटं पांढरी पडली आणि हात आपोआप खाली आला. मग त्यांनी माझी नाडी धरली, हात मागे-वर नेला, मान वळवायला सांगितली.

"इथं नाडी लागत नाही," ते म्हणाले. हात खाली घेतला. "आता लागते." तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. बोटांची टोकं बघितली. मधल्या बोटाच्या टोकाला एक बारीक जखम बरेच दिवस भरत नव्हती, तिच्यावर ते बराच वेळ थांबले.

मग विचारलं, "गळ्यात किंवा मानेत कधी काही कडक लागलं? गाठ वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. विचार न करता आलं ते. इतक्या वर्षांची सवय.

"हाय ना," हे मागून म्हणाले. "उजव्या बाजूला. हाडासारखं लागतं."

मी वळून बघितलं नाही. वीस-बावीस वर्षं मला वाटत होतं, ह्यांना माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "पदर जरा बाजूला घेता का?" घेतला. त्यांनी दोन बोटांनी दाबलं आणि मुंग्यांची एक रेघ थेट करंगळीपर्यंत गेली.

मानेचा फोटो काढला. त्यांनी तो उजेडावर धरून माझ्या बरगड्या वरून खाली मोजून दाखवल्या. बारा जोड्या असतात. मला त्यांच्या वर, मानेच्या शेवटच्या मणक्याला, उजवीकडे, आणखी एक फुटलेली होती. आईच्या पोटातूनच आलेली. काही माणसांना असते, म्हणाले, आणि पुष्कळांना जन्मभर कळतही नाही. माझ्या त्या बरगडीवरून हाताच्या शिरा आणि रक्तवाहिनी जात होती. हात वर केला की ती दोन्ही हाडावर दाबली जात. वयानं आणि कामानं खांदे खाली आले तसा दाब कायमचा झाला. त्या रक्तवाहिनीत आता रक्ताची गुठळी धरू लागली असावी आणि तिचे बारीक तुकडे बोटांकडे जात असावेत, असा त्यांना संशय होता.

"असंच ठेवलं तर?" ह्यांनी विचारलं.

"बोटं काळी पडू शकतात. एखादं काढावं लागेल. हात अजून हातात आहे, पण वेळ फार नाही. ही बरगडी काढायला मुंबईला जावं लागेल."

परतताना मोटरसायकलवर मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"मानेचं."

"लग्न झाल्यापासून."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

हे रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मला वाटलं, बायकांना असतंच तिथं एक."

मला हसू आलं. ह्यांना ते पाठीवर कळलं असावं. "हसतेस काय," म्हणाले, "मी किती बायकांच्या माना बघितल्यात?"

घरी सासूबाईंना सांगायची वेळ आली तेव्हा मी ह्यांच्या मागे उभी राहिले. दोष लपवून पोर गळ्यात बांधली, असं त्या माझ्या माहेराला म्हणतील, हे मी लग्नापासून मनात धरून होते. ह्यांनी सगळं सांगितलं. फोटो दाखवला. सासूबाईंनी तो उलटा धरून बघितला आणि मला म्हणाल्या, "म्हणजे पदर तू एवढ्यासाठी घेत होतीस?"

"हो."

"आणि मी गावभर सांगत फिरले, आमची वळणाची म्हणून!"

त्यांना राग आला होता तो तेवढ्याचाच. दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होत्या, "मानेत जादा बरगडी हाय तिला. सगळ्यांना नसते ती."

मी मुंबईला असताना घर बघायला म्हणून आई आधीच येऊन राहिली. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघीच पडवीत होतो, ती लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "इतकं हाताचं होईपर्यंत बोलली कशी नाय गो? मान तरी दाखवायचीस डॉक्टरला."

"तूच म्हणाली होतीस, कुणाला सांगायचं नाय."

"मी? कवा?"

मी सांगितलं. केस धुतानाचं, तुडीलची माणसं येणार होती ते, तांब्या. आई ऐकत राहिली. तिला यातलं काही आठवत नव्हतं. गाठ लागल्याचंही नाही. ती खोटं बोलत नव्हती, मला तिचा चेहरा कळतो.

"म्हटलं असेल तर त्या दिवसापुरतं म्हटलं असेल गो," ती शेवटी म्हणाली. "माणसं बघून गेली की झालं. जन्मभर कोण सांगेल असं?"

तिचं म्हणणं खरं होतं. 'उद्या पदर घे' असंच ती म्हणाली होती. तो उद्याचा दिवस संपल्याचं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. आई सोललेला लसूण पुन्हा एकदा निवडायला बसली. तिच्या हातून पाकळ्या खाली पडत होत्या म्हणून मी सुपली माझ्याकडे घेतली. माझ्या हातानंही त्या नीट धरवत नव्हत्या. आम्ही दोघींनी मिळून तो लसूण कसाबसा डब्यात भरला.

मुंबईच्या हॉस्पिटलात नऊ दिवस होते. गळ्याच्या हाडाच्या वर चीर घेऊन बरगडी काढली आणि रक्तवाहिनीचा खराब झालेला भाग दुरुस्त केला. मला आठवतं ते एवढंच, की शुद्धीवर आल्यावर उजवा हात गरम लागला. ताप आला असं मला वाटलं. नर्सला म्हटलं तर ती म्हणाली, हात असाच गरम असतो. बरगडी ह्यांना बाटलीत दाखवली होती. बोटाच्या दोन पेरांएवढी होती म्हणाले, आणि टोकाला गाठीसारखी जाड.

मोठ्या डॉक्टरांनी घरी सोडताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, रक्त आता नीट जातंय, बोटं वाचली, पण अंगठ्याखालचं मांस परत येईल असं नाही. शीर फार दिवस दाबलेली होती. दोन वर्षं आधी आला असतात तर वेगळं झालं असतं. दुसरी, डाव्या बाजूलाही एक बरगडी आहे, लहान. ती काढायची गरज आज नाही. पण त्या हाताला मुंग्या, गारवा, काहीही झालं तरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

हाताचे व्यायाम शिकवणारी एक ताई होती. तिनं चेंडू दाबायला दिला, कणीक मळायला सांगितली, आणि रोज एक पान लिहा म्हणाली, बोटांना बारीक काम हवं. काय लिहू, विचारलं, तर म्हणाली, काहीही. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढच्या शाळेला डोंगर उतरून जावं लागे, म्हणून तिथंच थांबले. पहिले काही दिवस भाजीची नावं लिहिली, मग देवाची, मग ती संपल्यावर हे लिहायला घेतलं. नावं कुणाची घातलेली नाहीत. वही तांदळाच्या डब्यामागे असते.

चार महिन्यांनी खानावळीत गेले. मालकीणबाईंनी माझ्यापुढं परात सरकवली. पहिली भाकरी थापली. तळवा फिरत होता, गरम-गार कळत होतं, पण अंगठ्याला जोर नव्हता. कड पाच ठिकाणी फाटली. दुसरीही तशीच. पूर्वी असं झालं असतं तर मी फाटलेली भाकरी खाली आणि चांगली वर अशी चवड लावली असती.

"होत नाय माझ्याच्यानं," मी म्हटलं.

शेजारची नवीन बाई थापायची थांबली. मालकीणबाई म्हणाल्या, "मग काय येतं?"

"पीठ काढते. मळते. भाजते. थापायचं दुसऱ्या कुणीतरी."

"आणि तव्यावर हात?"

"आता कळतं."

त्यांनी माझा हात धरून तव्याच्या जवळ नेला. मी झटक्यानं मागे घेतला. "कळतं खरं," त्या म्हणाल्या आणि परात नव्या बाईकडे ढकलली. "थाप गो तू. आणि कडा फाटल्या तर ही हाय सांगायला." तेव्हापासून मी उकड काढते आणि भाजते. थापणारीची कड चुकली की सांगते. सुरुवातीला सांगताना आवाज फुटत नसे, ती दोनदा "काय?" विचारी.

गेल्या महिन्यात सकाळी उठले तर डाव्या हाताची करंगळी बधिर. चूल पेटवली, चहा झाला, तरी तशीच. हे आंघोळ करून आले. मी चहा पुढे ठेवला आणि सांगितलं.

ह्यांनी कप खाली ठेवला. "आज तर मला पहिली पाळी हाय. रजा मिळायची नाय. परवा सुट्टी हाय, परवा जाऊ."

"मी आज जाते. साडेआठची एसटी आहे."

"एकटी?"

"हो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी येते हवं तर."

"नको. तुमचे गुडघे. मी सांगेन डॉक्टरना काय ते."

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. महाडला दवाखान्यात नंबर लावला, दीड तास बसले. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगितलं: डावी करंगळी, सकाळपासून, हात गार नाही, पांढरा पडला नाही, बरगडी त्या बाजूलाही आहे. त्यांनी दोन्ही हात वर करायला लावले, नाडी धरली, मान वळवली. तीन मिनिटं मुठी चालत राहिल्या. नाडी सुटली नाही.

"रात्री हातावर झोपला होतात का?"

मला आठवलं, झोपले होते. उजव्या कुशीवर अजून ओढ बसते म्हणून डावीवर झोपते.

"तेवढंच आहे," ते म्हणाले. "काही नाही. पण आलात ते बरं केलंत."

औषध दिलं नाही. बारा वाजून गेले होते. रिक्षा करून खानावळीत गेले तेव्हा पहिली पंगत उठत होती आणि नवीन बाई एकटीच थापत आणि भाजत होती, तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मी हात धुतले आणि तव्यापाशी बसले.